पाय जमिनीवर ठेवून फांदी कापायची



टेबलावर ठेवलेली ही वस्तू पाहा. पुढे चौदा इंचांचा बार, त्यावर करवतीची साखळी, मागे मुठीपेक्षा थोडी मोठी लोखंडी मोटर. याला पेट्रोलची टाकी नाही आणि विजेची वायरही नाही. मागून फक्त दोन रबरी पाइप निघतात. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून परत जातं. ट्रॅक्टरला जोडायची हायड्रॉलिक करवत मी घरी बनवली, तिचं हे डोकं. उंचावरच्या फांद्या जमिनीवर उभं राहून कापता याव्यात, एवढंच तिचं काम.

ती कशी बनवली ते सांगायला मला बोलावलं आहे, आणि ते मी सांगणारच आहे. पण आधी ती का बनवली ते सांगतो. ते कळलं नाही तर बाकीचं नुसतं लोखंड आहे.

महूजवळ आमची दोन एकरांची आमराई आहे. झाडं देशी आंब्याची, माझ्यापेक्षा वयाने फार लहान नाहीत. जागेबरोबर एक माळीदादाही मिळाले. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, पण झाडावर चढायचे ते पोरासारखे. अनवाणी, कमरेला कुऱ्हाड खोचून. दर वर्षी पावसाआधी वाळक्या फांद्या उतरवायच्या, हे त्यांचं काम.

एका मे महिन्यात पंपाच्या खोलीवर एक वाळकी फांदी आली होती. दादा चढले. मी खाली उभा. मी म्हणालो, ‘‘और थोडा आगे से काटो.’’ ते पुढे सरकले आणि ज्या फांदीवर पाय होता तीच मोडली. चार मीटरवरून ते पायांवर पडले. दोन्ही टाचा गेल्या, मणक्याला एक फ्रॅक्चर. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दादा म्हणाले, ‘‘पैर फिसल गया.’’

पाय घसरला नव्हता. पुढे सरका असं मी सांगितलं होतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं, मलाही.

फौजेत एक गोष्ट पहिल्या दिवसापासून शिकवतात. जिथे आपण स्वतः जाणार नाही, तिथे जवानाला पाठवायचं नाही. मी त्या फांदीवर गेलो असतो का? नाही. मग दादांना का पाठवलं? कारण दर वर्षी ते जात होते. दर वर्षी काही झालं नाही, हेच आपण सुरक्षिततेचं प्रमाणपत्र मानतो.

दादा सहा महिन्यांनी चालू लागले. त्या दिवशी मी ठरवलं की आमच्या आमराईत कुणीही कुऱ्हाड घेऊन झाडावर चढणार नाही. पण फांद्या तर वाळतच राहणार. मग करायचं काय?

बाजारात पेट्रोलवर चालणारी लांब दांड्याची करवत मिळते. एकाकडून मागून आणून पाहिली. सहा-सात किलोंचं यंत्र दोन्ही हातांत धरून, मान वर करून, दहा मिनिटांत माझे खांदे भरून आले. थकलेल्या हातात चालू साखळी, हे झाडावर चढण्यापेक्षा फार वेगळं नाही. माणसाला पाळण्यात उचलणारी गाडी भाड्याने मिळते, पण ती आमच्या काळ्या मातीत आणि झाडांच्या दाटीत शिरणार नाही. ट्रॅक्टर मात्र दारात उभा होता. म्हणून ठरवलं, जोर ट्रॅक्टरचा वापरायचा, वजन ट्रॅक्टरवर टाकायचं, आणि फांदीजवळ फक्त हे डोकं पाठवायचं.

तेलाच्या दाबाशी माझी ओळख जुनी. मी तोफखान्यातला. आमची १०५ मिलिमीटरची इंडियन फील्ड गन डागली की नळी झटक्याने मागे येते. तो झटका तेल आणि दाबलेला वायू सोसतात. तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं, त्यात झटक्याचा जोर जिरतो. वायू नळीला पुन्हा जागेवर आणतो. फ्रेंचांच्या १८९७च्या ७५ मिलिमीटर तोफेने ही युक्ती जगभर नेली. बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं होतं. त्यावर लंडनमध्ये जोसेफ ब्रामाने १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. तुमच्या गावातली मागून उचलणारी ट्रॉली आणि जेसीबी त्याच घराण्यातले.

आता बनवण्याकडे येऊ. ट्रॅक्टरला मागे पीटीओ असतो, म्हणजे बाहेर निघालेला फिरता दांडा. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. पंपाला एवढे फेरे पुरत नाहीत, म्हणून मध्ये एकास तीनचा गिअरबॉक्स बसवला. झाले सुमारे १६२०. पंप घेतला एका फेऱ्याला १६ सीसी तेल ढकलणारा. गुणाकार करा, मिनिटाला साधारण २५ लिटर तेल. टाकी ६० लिटरची, म्हणजे एका मिनिटाच्या तेलाच्या दुपटीहून थोडी जास्त, तेल गार व्हायला वेळ मिळावा म्हणून. आमच्याकडचा उन्हाळा पाहता ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल. परतीच्या वाटेवर फिल्टर. आणि दाब १२० बारच्या वर गेला की तेल आपोआप टाकीत वळवणारा रिलीफ व्हॉल्व्ह. तो नसेल तर साखळी अडकल्याबरोबर काहीतरी फुटणार: पाइप, पंप किंवा तुमचं नशीब.

ट्रॅक्टरची ट्रॉली उचलण्याची लाइन थेट का नाही वापरली, असं बरेच जण विचारतात. ती लाइन जॅकसाठी असते. तेल जातं, जॅक वर होतो, काम संपलं. मोटरला तेल सतत लागतं आणि परत जायला मोकळी वाट लागते. शिवाय घरच्या जोडणीतला कचरा ट्रॅक्टरच्या स्वतःच्या तेलात जायला नको. म्हणून पंप वेगळा, टाकीही वेगळी.

आता माझ्या चुका सांगतो. पहिली चूक मोटरची. जास्त जोर हवा म्हणून मी १६ सीसीची मोठी मोटर आणली. साखळी फिरली, पण रहाटासारखी. फांदीला लागली की दात अडकायचे आणि अख्खा दांडा हिसका खायचा. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हे आधीच करायला हवं होतं. हायड्रॉलिक्समध्ये दाब जोर देतो आणि तेलाचा प्रवाह वेग देतो. २५ लिटर तेल १६ सीसीच्या मोटरमध्ये घातलं तर मिळतात साडेपंधराशे फेरे. तेच तेल ८ सीसीच्या मोटरमध्ये घातलं की गळती धरूनही तीन हजारांच्या आसपास. साखळीच्या चाकाला सात दात. एका फेऱ्यात साखळी सुमारे १३ सेंटिमीटर सरकते. म्हणजे मिनिटाला ४०० मीटर. पेट्रोलची करवत याच्या तिप्पट वेगाने पळते. पण आमची साखळी थांबत नाही. ओलं लाकूड असो की गाठ, ती आपल्या चालीने जात राहते. मोठी मोटर अजून शेडमध्ये पडली आहे, माझ्या घाईची आठवण म्हणून.

दुसरी चूक परतीच्या पाइपची. पाइप झटपट जोडता यावेत म्हणून क्विक कपलर बसवले. एके सकाळी परतीचा कपलर पूर्ण बसला नव्हता. आत झडप असते, ती उघडली नाही. तेल आत येतंय, बाहेर जायला वाट नाही. मोटरच्या दांड्याभोवतीचं रबरी सील हा सगळ्यांत कमजोर दरवाजा, तो फुटला आणि माझा तेलाने अभिषेक झाला. तेव्हापासून परतीच्या लाइनवर कपलर नाही. पक्की जोडणी आणि दाबाच्या पाइपपेक्षा एक माप जाड पाइप.

तिसरी गोष्ट चूक होता होता राहिली, आणि ती सगळ्यांत गंभीर होती. पाइपाच्या टोकाशी बारीक धूर निघाल्यासारखं दिसत होतं. मदतीला आलेला एक तरुण मिस्त्री म्हणाला, ‘‘साब, लीक है, अभी देखता हूँ,’’ आणि बोट फिरवायला गेला. मी त्याचा हात धरून मागे ओढला. मंडळी, १२० बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२० किलोंचा भार. सुईएवढ्या छिद्रातून एवढ्या दाबाने निघालेलं तेल कातडीतून आत घुसतं. बाहेर दिसतो फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका. सुरुवातीला फार दुखतही नाही. पण आत तेल पसरतं आणि बोट, कधी पूर्ण हात, गमवावा लागतो. असं कुणाला झालं तर मलम लावून घरी बसू नका. लगेच मोठ्या रुग्णालयात जा आणि ‘दाबाचं तेल आत गेलंय’ हे शब्द डॉक्टरांना सांगा. ही शस्त्रक्रियेची तातडी असते. गळती शोधायची ती इंजिन बंद करून आणि दाब उतरवून. चालूच बघणं भाग असेल तर लांबून पुठ्ठा धरायचा. हात कधीच नाही. पाइपाची टोकं हायड्रॉलिकच्या दुकानातून मशिनवर दाबून घ्यायची. पाण्याच्या पाइपाची क्लिप इथे चालत नाही.

आता दांडा. मोटर, बार, साखळी आणि पट्ट्या मिळून डोकं झालं पाच किलोंचं. ते साडेचार मीटर पुढे धरायचं, तर कुठल्या पैलवानाला जमेल? उत्तर रेल्वेच्या फाटकावर मिळालं. फाटकाचा लांब दांडा एक माणूस उचलतो, कारण मागच्या आखूड टोकाला वजन असतं. ट्रॅक्टरच्या मागच्या तीन बिंदूंच्या जोडणीवर चौकट बसवली, तिच्यावर दोन मीटर उंचीचा खांब, खांबाच्या डोक्यावर वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा सांधा. दांडा ४० मिलिमीटरच्या चौकोनी नळीचा. सांध्यापुढे साडेचार मीटर, मागे एक मीटर वीस सेंटिमीटर. पुढच्या डोक्यासाठीच मागे जवळपास १९ किलो लागतात. नळी, पाइप आणि त्यांतलं तेल धरून एकूण ५० किलोंच्या आसपास लोखंडी प्लेटा लावल्या. आता एका हाताने दांडा हलतो. टोक सहा मीटरच्या जरा खाली पोहोचतं. आमच्या झाडांना तेवढं पुरतं.

मागच्या टोकाला खाली लोंबणारी मूठ आहे आणि तिच्यावर तेलाचा लीवर. लीवर स्प्रिंगचा. धरला तोवर साखळी फिरते, हात सुटला की थांबते. चक्कर आली, पाय घसरला, मधमाशी चावली, काहीही झालं तरी हात सुटणार आणि साखळी थांबणार. हा लीवर बांधून ठेवायचा नाही. आमच्याकडे बांधायच्या वस्तू फार पटकन सापडतात, म्हणून मुद्दाम सांगतो. पीटीओच्या दांड्यावर झाकण हवंच. उपरणं, ओढणी, सैल बाही त्यात गेली तर माणूस सुटत नाही.

साखळीबद्दल एक गंमत सांगतो. अमेरिकेतल्या ओरेगनच्या जंगलात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. जुन्या साखळ्यांचे दात सरळ, सारखी धार लावावी लागे. १९४६ साली त्याने लाकूड पोखरणारी एक अळी निरखून पाहिली. तिचे इंग्रजी सी अक्षरासारखे दोन जबडे डावीकडे-उजवीकडे चालत आणि ती रेषेला आडवी असो की उभी, सहज आत जाई. त्याने तसेच डावे-उजवे वळलेले दात बनवले. आजच्या साखळ्यांची कल्पना तिथून आली. आपल्या आंब्याला लागतो तो भिरूड त्याच जातकुळीतला. ज्या किड्याला आपण शिव्या देतो, त्याच्या चुलत्याकडून आपली करवत आली.

यंत्र झालं; आता कापायचं कसं. वजनदार फांदी वरून सरळ कापली तर अर्ध्यात मोडते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. म्हणून तीन काप. पहिला खोडापासून हात-दीड हात अंतरावर, खालून वर, थोडासाच. दुसरा त्याच्या जरा बाहेर, वरून, फांदी पडेपर्यंत. मग उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा. हा तिसरा काप खोडाला चिकटून घ्यायचा नाही. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडं दिसतं, त्याच्या अगदी बाहेरून घ्यायचा. अ‍ॅलेक्स शिगो या अमेरिकन वनशास्त्रज्ञाने हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाड आपली जखम आपल्यासारखी भरून काढत नाही, ते तिला कोंडून टाकतं. ती भिंत उभारायची सोय त्या कड्यात असते. कडं कापलं तर सड खोडात जाते. वरून डांबर किंवा ऑइल पेंट फासल्याने ती थांबत नाही.

फांदी पडताना नेहमी सरळ पडत नाही. ती दांड्यावरून घसरत तुमच्याकडे येऊ शकते. म्हणून दांडा फार उभा धरायचा नाही आणि मध्यावर एक आडवी लोखंडी पट्टी लावायची. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांना चष्मा. घरटं दिसलं तर ती फांदी पिल्लं उडेपर्यंत राहू द्यायची. आणि शहरात राहत असाल तर आपल्या अंगणातलं झाडही आपल्या मर्जीने छाटता येईल असं धरू नका. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५चा कायदा आहे, दिल्लीत १९९४चा. तुमच्या राज्यात काय आहे ते नगरपालिकेत विचारून घ्या.

आता शेवटची गोष्ट.

यंत्र नीट चालायला लागलं तसा मी खूश होतो. दादा सावलीत खुर्ची टाकून बसायचे आणि कुठली फांदी घ्यायची ते काठीने दाखवायचे. एक दिवस कडेच्या झाडाचं काम चाललं होतं. एक फांदी अर्ध्या मीटरने हुकत होती. मी म्हटलं, ट्रॅक्टर दोन मीटर मागे घेऊ, एवढीच राहिली आहे. मागे घेतला, दांडा वर नेला, आणि पाठीमागून दादा ओरडले, ‘‘इस्टॉप! साब, इस्टॉप!’’

मी लीवर सोडला. वर पाहिलं तर पानांच्या पलीकडून अकरा हजार व्होल्टची लाइन जात होती. टोकापासून ती किती लांब होती ते मी मोजलं नाही. मोजण्याइतकी लांब नव्हती.

माझा दांडा लोखंडाचा. पाइपात पोलादी तारांची जाळी. ट्रॅक्टर लोखंडाचा, आणि मी मूठ धरून मातीवर उभा. रबरी टायर वाचवतात हा भ्रम आहे. वीज कंपन्यांची माणसं तारांजवळ हायड्रॉलिक करवत वापरतात, पण तिचा दांडा फायबरग्लासचा असतो आणि पाइपही धातूच्या जाळीविना, खास बनवलेले. वरून तशीच दिसणारी, पण ती वेगळी वस्तू आहे.

तोफखान्यात एक नियम आहे. धोका दिसला तर कोणीही ‘स्टॉप’ ओरडू शकतो, अगदी कालच आलेला जवानसुद्धा. तोफ थांबते, चौकशी नंतर होते. हा नियम मी दादांना गमतीत कधीतरी सांगितला होता. त्यांनी तो लक्षात ठेवला होता.

त्या संध्याकाळी दादा काही बोलले नाहीत. मीच म्हणालो, ‘‘दादा, उस दिन आपका पैर नहीं फिसला था.’’ ते म्हणाले, ‘‘मालूम है साब. आज आपका फिसल रहा था.’’

दुसऱ्या दिवशी मी आमराईत चुन्याची रेघ मारली. दांडा पूर्ण लांबीने तारांकडे आडवा पडला तरी तार जिथून निदान तीन मीटर लांब राहील, तिथवर ती रेघ. तिच्यापुढे ट्रॅक्टर जात नाही. तिथल्या फांद्यांसाठी वीज कंपनीला अर्ज करायचा, ते लाइन बंद करून कापतात. वेळ लागतो. लागू दे. शेजारी एकदा म्हणाले, ‘‘कर्नलसाहेब, आमची एकच फांदी आहे तारेजवळ, तुमच्या यंत्राने दोन मिनिटांचं काम.’’ मी नाही म्हणालो. ते थोडे रागावले. दिवाळीला फराळाचं ताट आलं तेव्हा कळलं, राग गेला.

तुमच्यापैकी कुणी हे बनवणार असेल तर मापं मी दिलीच आहेत. पण त्यांच्या आधी दोन गोष्टी पक्क्या करा. हे यंत्र कुठे वापरायचं नाही, ती रेघ. आणि तुम्हाला ‘स्टॉप’ म्हणायचा हक्क असलेला एक माणूस, जो तुमच्या हुद्द्याला घाबरत नाही.

आमच्याकडे आता लीवर दादाच धरतात. खुर्चीवर मी बसतो.

जय हिंद.